दळवींची टाळी

दळवी कुठल्याही नव्या खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवत. एकच. मग मान किंचित डावीकडे कलती करून, डोळे मिटून, ती टाळी कुठे गेली आणि परत येते का, हे ऐकत उभे राहत. सगळं दोन सेकंदांत आटपे, पण यजमानाला ते दोन सेकंद फार लांब वाटत. आमच्या टोकियोत, ओजिमातल्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होते. टाळी ऐकून मला वाटलं, मलाच बोलावतायत. "आणतेय," मी म्हटलं. ते ओशाळले. "तुम्हाला नाही वहिनी, खोलीला."

"मग काय म्हणाली खोली?"

"पडद्यांचं कापड चांगलं आहे म्हणाली."

त्या पडद्यांच्या किमतीवरून शिरीषनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आठवडाभर कुरकुर केली होती. त्यामुळे दळवी मला त्याच क्षणी आवडले.

ते शिरीषच्या ऑफिसात टेस्टर होते. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायच्या हे त्यांचं काम. त्यामुळे ऑफिसात त्यांना मान होता, पण डबा खायला सोबत नव्हती. वय बावन्न, लग्न केलेलं नाही, उंच, थोडं पोक काढून चालणारे. मूळचे मिरजेचे. वडील तंबोऱ्याच्या कारखान्यात भोपळे निवडायच्या कामावर होते. भोपळ्यावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची आणि थांबायचं. "थांबणं महत्त्वाचं," दळवी सांगत, "वाजवता सगळ्यांना येतं." वडिलांचा हात त्यांच्याकडे जसाच्या तसा आला होता. कलिंगडं, दारं, कोनबिनीचं, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाचं काउंटर, आमचा फ्रिज, सगळ्यांवर त्यांची टकटक होऊन गेलेली असे. "भोपळा आतून कसा आहे ते वाजवल्याशिवाय कळत नाही. माणसांचंही तेच आहे, पण माणसांना वाजवलं तर पोलीस येतात."

एकदा ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याचे वडील वारले तेव्हा शिरीष आणि दळवी अंत्यदर्शनाला गेले होते. काळ्या कपड्यांतली माणसं माना खाली घालून बसलेली, उदबत्तीचा धूर, आणि दळवींनी उंबऱ्यातच टाळी वाजवली. शिरीषला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सगळ्यांचा असा समज झाला की हा भारतातला काही विधी असावा, आणि मागच्या रांगेतल्या दोघांनी सौजन्य म्हणून हलकेच एकेक टाळी वाजवली. बाहेर आल्यावर शिरीषनं जाब विचारला, तेव्हा दळवी विचारात होते. "इतकी माणसं, इतकं कापड, तरी टाळी थोडी परत येत होती," ते म्हणाले. "साधा नियम आहे. खोलीत माणूस असेल तर टाळी विरते, नसेल तर परत येते. माणूस म्हणजे आवाजाच्या दृष्टीनं एक गादीच."

टोकियोतल्या मराठी मंडळींत त्या वर्षी होम थिएटरची साथ आली होती. हिगाशी-कसाईच्या एका उंच इमारतीत राहणाऱ्या दीक्षितसाहेबांनी आपल्या थिएटरच्या उद्घाटनाला आम्हा सगळ्यांना बोलावलं. नारळ होता, रिबीन होती, मागे रेलणाऱ्या सहा खुर्च्या होत्या. प्रत्येक खुर्चीला पेला ठेवायला खळगा होता आणि त्या खळग्यात निळा दिवा. दीक्षितसाहेबांनी भाषण केलं. त्यात 'व्हिजन' हा शब्द चार वेळा आला. भाषण संपल्यावर दळवींनी टाळी वाजवली. ती कौतुकाची समजून सगळ्यांनी वाजवल्या. दळवी बिचारे आपलीच टाळी ऐकू न आल्यामुळे कासावीस झाले आणि गडगडाट संपल्यावर त्यांनी पुन्हा वाजवली.

"काय, कशी वाटली खोली?" दीक्षितसाहेबांनी विचारलं.

"काच कमी करा," दळवी म्हणाले. "पंधरा माणसं उभी आहेत आणि टाळी परत येतेय. माणसं मोजलीच नाहीत तिनं."

आम्हाला दीक्षितांकडे पुन्हा बोलावणं आलं नाही. मला त्याचं दुःख झालं असं म्हणता येणार नाही.

पण त्या दिवशी घरी परतताना भुयारी रेल्वेत दळवींनी मला पहिल्यांदा त्यांच्या मनातलं सांगितलं. जपानात पंधरा वर्षं काढली, आणि पंधरा वर्षं सिनेमा हेडफोनवर पाहिला. आधीच्या घरी एकदा खालच्या मजल्यावरून चिठ्ठी आली होती. अतिशय नम्र भाषेत लिहिलं होतं की आपली शिंक आमच्यापर्यंत पोचते. "तेव्हापासून मी शिंकसुद्धा दाबतो वहिनी. मला खुर्च्या नकोत, दिवे नकोत. एक अशी खोली पाहिजे, जिथे आवाज मोठा करता येईल आणि कुणाला कळणारही नाही. एकदा तरी."

पुढे त्यांनी जे केलं ते आमच्यापैकी कुणी केलं नसतं. ओजिमातल्या आमच्याच वसाहतीत, दोन इमारती पलीकडे, त्यांनी निम्म्या भाड्यात दोन खोल्यांचं घर घेतलं. एखादा माणूस घरात एकटा वारला आणि बरेच दिवस कुणाला कळलं नाही, की ते घर काही काळ निम्म्या भाड्यानं देतात. त्यामागचं कारण लपवत नाहीत. कागदावर स्पष्ट लिहून, वाकून सांगतात. दळवींचं जपानी पंधरा वर्षांतही दुकानातल्या खरेदीपलीकडे गेलं नव्हतं, म्हणून मी दुभाषी म्हणून बरोबर गेले होते. कार्यालयातल्या माणसानं आवाज खाली आणून सांगितलं की इथे मोरितासान नावाचे गृहस्थ राहत, ते आतल्या खोलीत वारले, आणि अकरा दिवसांनी समजलं. तातामी, म्हणजे जमिनीवरच्या गवताच्या जाड चटया बदलल्या आहेत, भिंतींना नवा कागद लावला आहे. मी भाषांतर केलं. उरलेल्या निम्म्या भाड्यात थिएटर होईल, हा हिशेब दळवींच्या चेहऱ्यावर तेवढ्यात उमटून गेला.

ते आतल्या खोलीत गेले आणि टाळी वाजवली.

मी दारात होते. खोली पूर्ण रिकामी होती. पडदा नाही, गादी नाही, नुसती सहा तातामींची जमीन आणि चार कोऱ्या भिंती. दळवींनी डोळे उघडले, कपाळाला आठी घातली आणि दुसऱ्यांदा वाजवली. मग तिसऱ्यांदा. एवढ्या टाळ्या मी त्यांना कधीच वाजवताना पाहिलं नव्हतं.

"काय झालं?"

"परत येत नाही."

"मग चांगलंच की!"

"चांगलंच," ते म्हणाले. "पण रिकाम्या खोलीत असं होत नाही." आणि त्यांनी सही केली.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तातामी आवाज शोषून घेते, नव्या कागदाखाली काही मऊ अस्तर असेल, असं मी मनात म्हटलं. ते पटण्यासारखं होतं. तरी बाहेर पडताना मी चपला घाईनं घातल्या, एवढं मान्य करते.

नव्या घरी राहायला गेलं की शेजारच्यांना छोटीशी भेट देऊन नाव सांगायचं, ही इथली रीत. दळवींनी ती पाळली. मी केलेले पेढे घेऊन ते आपल्या जिन्यावरच्या प्रत्येक दारी गेले. पण या जुन्या इमारतींत एक गंमत असते. प्रत्येक जिन्याला मजल्यावर दोनच दारं. तुमच्या भिंतीला भिंत लावून जो राहतो त्याचा जिना वेगळा, दार वेगळं, वाट वेगळी. रात्री तुमच्या डोक्यापासून हातभर अंतरावर त्याचं डोकं असतं आणि दहा वर्षांत तुम्ही एकमेकांना पाहत नाही. भिंतीपलीकडे कुणी राहतं हे दळवींच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही. दारावर नावाची पाटी त्यांनी लावली नाही, आणि खिडकीला पहिल्याच दिवशी आतून काळं कापड ठोकायच्या ऐवजी चिकटवलं. बाहेरून ते घर होतं तसंच रिकामं दिसत राहिलं.

ठोकायच्या ऐवजी, कारण घर सोडताना ते मूळ स्थितीत परत द्यावं लागतं; भिंतीला एक खिळा चालत नाही. म्हणून दळवींनी खोलीत खोली बांधली. छत आणि जमीन यांच्यामध्ये स्प्रिंगच्या टेकूंनी अडकवलेल्या लाकडी चौकटी, त्यांत ग्लासवूल, म्हणजे काचेच्या धाग्यांची लोकर, त्यावर लोकांनी टाकून दिलेल्या गाद्या उसवून काढलेला कापूस. प्रोजेक्टर जुन्या वस्तूंच्या दुकानातला, पडदा म्हणजे इस्त्री केलेली पांढरी चादर, स्पीकर 'चालण्याची हमी नाही' अशी चिठ्ठी लावलेल्या खोक्यातले, स्वतः दुरुस्त केलेले. कुणीतरी त्यांना अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायला सुचवलं. "अंड्याचा ट्रे हा आवाजाच्या क्षेत्रातला गंडादोरा आहे," दळवी म्हणाले. "श्रद्धेनं लावायचा, गुण येत नाही."

सोमवार ते गुरुवार ते नागोयाला एका गाड्यांच्या कंपनीच्या कामावर असत. शुक्रवारी सुट्टी टाकून किंवा घरून काम करून ते चौकटी बनवत, आणि शनिवार-रविवार तर होताच. मी दर शनिवारी डबा घेऊन जात असे. तिसऱ्या शनिवारी त्यांनी मला म्हटलं, "वहिनी, इथला पाण्याचा पाइप फार शिस्तीचा आहे."

"म्हणजे?"

"सकाळी बरोबर साडेसहाला वाजतो. दोनदा. या भिंतीतून." त्यांनी भिंतीला तळवा लावून दाखवला. "टक, टक. मग गप्प."

"तुम्ही काय करता?"

ते जरा लाजले. "मीही दोनदा वाजवतो. सवय आहे. समोरून भोपळा वाजला तर हात राहतो का?"

साधारण त्याच सुमारास दाराबाहेर वस्तू येऊ लागल्या. आधी एक मिकान संत्रं, स्वच्छ पुसलेलं. मग कागदात बांधलेल्या दोन भातवड्या, ज्यांना इथे ओनिगिरी म्हणतात. मग साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची छोटी काचेची पेली, झाकण लावलेली. दळवी नागोयाहून गुरुवारी संध्याकाळी परतले की दारात काहीतरी असेच. त्यांना वाटलं, पेढ्यांची परतफेड चालली आहे. "जिन्यावरची माणसं फार चांगली आहेत," ते म्हणत, आणि सगळं खाऊन टाकत. एक संत्रं त्यांनी मलाही सोलून दिलं. गोड होतं.

वस्तू येऊ लागल्यापासून सहाव्या आठवड्यात मी शनिवारी डबा घेऊन गेले तर दारासमोर चिनी मातीची वाटी होती. वाटीत भाताची उंच मूद, आणि मुदीत जेवायच्या दोन काड्या उभ्या रोवलेल्या. शेजारी विझलेल्या उदबत्तीची राख.

जपानात येणाऱ्या प्रत्येक भारतीयाला पहिल्या आठवड्यात ज्या दहा गोष्टी बजावतात त्यात ही एक असते: भातात काड्या उभ्या रोवू नका. तसा भात मेलेल्या माणसापुढे ठेवतात. दळवींनाही हे कधीतरी सांगितलेलं असणार. त्यांनी दार उघडलं, वाटी पाहिली, मग माझा चेहरा पाहिला.

"म्हणजे ती संत्री?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि ते साके?"

"हो, दळवी."

ते वाटीपाशी उकिडवे बसले. मग म्हणाले, "म्हणजे दीड महिना मी कावळा होतो."

आम्ही दोघंही हसलो. आणि दोघंही एकदमच थांबलो. दळवींनी ती वाटी दोन्ही हातांनी उचलली, मागच्या खिडकीच्या कठड्यावर नेऊन ठेवली. टोकियोतले कावळे आपल्या कावळ्यांच्या दीडपट असतात. एक आला आणि मिनिटभरात मुदीला चोच लावली. "शिवला," दळवी म्हणाले. मला ते समाधानाचं वाटलं नाही. ज्याच्या नावानं शिवला तो माणूस कसा होता, आणि ठेवणारा कोण, हे आम्हा दोघांनाही शेजाऱ्यांना विचारायचं होतं. पण विचारायचं म्हणजे, दीड महिना तुमचा नैवेद्य मी खाल्ला, हे सांगणं आलं. "खोली पुरी होऊ दे," ते म्हणाले, "मग मोठा पेढ्यांचा डबा घेऊन सगळ्यांची माफी मागतो."

त्याच रात्री त्या भिंतीवरची शेवटची चौकट बसली. टकटक ऐकू येईनाशी झाली. पुढच्या शुक्रवारी सकाळी सव्वासातला माझा फोन वाजला.

"वहिनी, लवकर या. पोलीस आलेत. जपानीत बोलतायत."

मी नाइटड्रेसवर कोट चढवून धावले. दारात एक तरुण पोलीस होता, वसाहतीच्या कार्यालयातला तोच वाकणारा माणूस होता, आणि त्या दोघांच्या मध्ये, जेमतेम त्यांच्या कोपराइतक्या उंचीच्या, काठी धरलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. आत दळवी पायजम्यात उभे होते, मूर्तीसारखे.

घडलं होतं ते असं. दळवींनी त्या सकाळी पहिल्यांदा आवाज मोठा केला होता. पंधरा वर्षांनी. बाहेरून पोलिसांनी बेल दाबली, दार ठोठावलं, हाका मारल्या. आतून काही नाही. बाहेर एक चकार शब्द पोचत नव्हता. शेवटी कार्यालयाच्या किल्लीनं दार उघडलं. पुढच्या खोलीत अंधार आणि शांतता. आतल्या खोलीचं जाड दार ढकललं, आणि धरण फुटावं तसा आवाज बाहेर आला. समोर चादरीवर हलणारा उजेड, आणि त्या उजेडात, पाठमोरा, एक माणूस खुर्चीत बसलेला. ज्या जागी मोरितासान सापडले होते, बरोबर त्या जागी. पोलीस किंचाळला म्हणे. म्हाताऱ्या बाई किंचाळल्या नाहीत. त्या पुढे झाल्या आणि खुर्चीला वाकून म्हणाल्या, "उशीर झाला. क्षमा करा."

मग खुर्ची वळली.

त्यांचं नाव ओकाबेसान. वय चौऱ्याऐंशी. भिंतीपलीकडे राहत, दुसऱ्या जिन्यावर. कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. मी मोठ्यानं, त्यांच्या तोंडासमोर बोलत होते आणि त्या माझ्या ओठांकडे बघून उत्तरं देत होत्या. मोठा भूकंप झाला त्या वर्षी त्यांनी आणि मोरितासाननी ठरवलं होतं: रोज सकाळी साडेसहाला ओकाबेसान भिंतीवर दोनदा वाजवतील, मोरितासान दोनदा उत्तर देतील. ओकाबेसान ते उत्तर भिंतीला तळहात लावून ऐकत. दोघं एकमेकांच्या घरी कधी गेले नाहीत. एक दिवस उत्तर आलं नाही. त्यांना वाटलं, झोपले असतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपलं काही चुकलं असेल, रागावले असतील. रागावलेल्या माणसाला आणखी त्रास कसा द्यायचा? असे अकरा दिवस त्या वाजवत राहिल्या आणि संकोचत राहिल्या. बाराव्या दिवशी कळलं.

"नंतरही मी वाजवत होते," त्या म्हणाल्या. "माफी मागायची दुसरी रीत मला माहीत नव्हती. रिकामी भिंत. आणि दोन महिन्यांपूर्वी तिच्यातून उत्तर आलं."

दळवी मला हळूच विचारत होते, "काय म्हणतायत? काय म्हणतायत?" मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मला वाटलं, त्यांनी क्षमा केली. म्हणून मी काय काय आणून ठेवत होते. ठेवलेलं जात होतं." ओकाबेसाननी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मग या आठवड्यात उत्तर थांबलं. या वेळी मी थांबणार नव्हते. पाच दिवस झाले आणि मी पोलिसांना बोलावलं." मग त्यांनी दळवींकडे सरळ पाहिलं. "तुम्ही वाजवत होतात का?"

मी पंपांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करते. त्या कामात एक सोय आहे: कुणाचं मन दुखत नाही. इथे काय करायचं ते मी क्षणात ठरवलं. सरळ सांगून टाकायचं की हो, हेच वाजवत होते, गैरसमज झाला, क्षमा असावी. स्वच्छ, खरं, आणि भुताला जागा नाही.

"दळवी, हो म्हणते मी."

"नका म्हणू," ते म्हणाले. "कधीपासून उत्तर येत होतं? रोज? ते आधी विचारा."

मी विचारलं. "रोज," ओकाबेसान म्हणाल्या. "एक दिवसही चुकला नाही."

दळवींनी बोटांवर वार मोजले. मग मराठीत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, शुक्रवार-शनिवार-रविवार मी वाजवलं. सोमवार ते गुरुवार मी नागोयात होतो. घराला कुलूप होतं."

"त्यांना भास झाला असेल. इच्छा असली की तळहातालाही कळतं, दळवी. म्हाताऱ्या बाई आहेत."

"असेल. पण मी टेस्टर आहे. जेवढं मी केलं तेवढं मी केलं म्हणून सांगायचं. उरलेलं कुणी केलं ते मला माहीत नाही, म्हणून माहीत नाही सांगायचं. जसंच्या तसं सांगा. तुमच्या पदरचं काही घालू नका."

मी जसंच्या तसं सांगितलं. तीन दिवस हे होते. चार दिवस इथे कुणी नव्हतं. इतकी वर्षं भोंदूपणाची टिंगल केल्यावर त्या खोलीत भूत आलं ते माझ्याच तोंडून, शुद्ध व्याकरणात. पोलीस वहीत लिहिता लिहिता थांबला. ओकाबेसान मात्र एकदम सैलावल्या. भिंतीकडे वळून, म्हणजे ग्लासवूलच्या चौकटीकडे वळून, त्या कमरेत वाकल्या. "म्हणजे चार दिवस ते होते," त्या म्हणाल्या.

मग काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी जे मागितलं त्याचं भाषांतर मी शब्दाला शब्द लावून केलं. "मला मरायची भीती नाही. वासावरून सापडायची भीती आहे. तुम्ही उत्तर देत राहाल का?"

दळवींनी हो म्हटलं. पोलीस गेल्यावर त्यांनी आपली खोली एकदा पूर्ण डोळे भरून पाहिली. दोन-अडीच महिन्यांचं काम होतं. मग करवत घेतली आणि त्या भिंतीच्या चौकटीत, आपल्या खांद्याच्या उंचीवर, पोळपाटाएवढा गोल कापला. "भोक पडलं की भांडं गेलं," ते म्हणाले. "आवाजाचं असंच असतं वहिनी, नव्याण्णव टक्के बंद असं काही नसतं." त्यांना त्याला बूच करून बसवता आलं असतं. बसवलं नाही. त्यानंतर त्यांनी सिनेमा पुन्हा हेडफोन लावूनच पाहिला. सगळ्या टोकियोतल्या सर्वात चांगल्या थिएटरमध्ये बसून.

नागोयाचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं. बढती हुकली, शिरीष त्यांना वेडा म्हणाला. पुढचं सव्वा वर्ष रोज साडेसहाला दळवी त्या भोकातून हात घालून भिंतीवर दोनदा वाजवत होते. मी एकदा खवचटपणे विचारलं, "आता सोमवार ते गुरुवार कोण वाजवतं?" ते म्हणाले, "मीच. पण कधी कधी मी हात नेईपर्यंत झालेलं असतं." ते थट्टा करत होते का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

एका फेब्रुवारीत, मंगळवारी, टकटक आली नाही. दळवी अकरा दिवस थांबले नाहीत, अकरा मिनिटंही नाही. मला फोन केला, मी कार्यालयाला केला, आणि सात वाजायच्या आत ओकाबेसानचं दार उघडलं होतं. त्या भिंतीपाशी आडव्या पडल्या होत्या, खुबा मोडला होता, आणि जिवंत होत्या. पुढे नऊ दिवस त्या इस्पितळात होत्या. भाची आली, वसाहतीतल्या दोन बायका येत, आम्ही जात होतो. बोलणं संपलं होतं. दळवी गेले की त्या पलंगाच्या कठड्यावर बोटानं दोनदा वाजवत आणि कठड्याला तळवा लावून वाट बघत. दळवी वाजवत. त्या गेल्या तेव्हा खोलीत चार माणसं होती. भाचीनं त्यांच्यापुढे भाताची वाटी ठेवली, काड्या उभ्या रोवल्या, आणि दळवींकडे बघून वाकली.

महिन्याभरात दळवींनी नोकरीचा राजीनामा दिला आणि मिरजेला परतायचं ठरवलं. खोली त्यांनी जशी बांधली तशीच उकलली. चौकटी, ग्लासवूल, कापूस, सगळं गठ्ठे करून, ज्या दिवशी जे टाकायचं त्या दिवशी ते टाकलं. शेवटच्या सकाळी कार्यालयाचा माणूस तपासणीला यायचा होता, म्हणून मी गेले होते. आतली खोली पुन्हा नुसती सहा तातामींची, चार कोऱ्या भिंतींची. दळवी दारात उभे होते, दोन्ही हात खिशात.

"वाजवत नाही?" मी विचारलं.

"तुम्ही वाजवा, वहिनी."

मी आयुष्यात पहिल्यांदा खोलीला टाळी वाजवली. ती समोरच्या भिंतीला लागली, परत आली, बाजूच्या भिंतीकडे गेली, तिथून परत आली. एखाद्या विहिरीत वाजवावी तशी घुमत राहिली. दळवी डोळे मिटून, मान कलती करून, ती पूर्ण संपेपर्यंत उभे होते.

तेवढ्यात तपासणीचा माणूस आला. वाकला. विजेरी घेऊन चारही भिंती जवळून पाहिल्या, एक ओरखडा नाही, एक खिळा नाही. खूश होऊन त्यानं कागदावर शिक्का मारला आणि सहीसाठी दळवींपुढे धरला.

"काय लिहिलंय?" दळवींनी विचारलं.

"खोली मूळ स्थितीत परत मिळाली," मी सांगितलं.

"नाही हो," दळवी सही करत म्हणाले. "मूळ स्थितीत टाळी परत येत नव्हती."